तटबंदीशेजारचे पांढरे देवदूत

दोस्तांनो, आधी एक गणित सोडवा. सोपं आहे, वही-पेन्सिल लागणार नाही.

दोन संघ एकमेकांशी दोन सामने खेळतात. एक सामना याच्या मैदानावर, एक त्याच्या. दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजायचे आणि ज्याचे जास्त तो पुढच्या फेरीत. पहिला सामना तुमचा संघ ०-३ असा हरला. दुसरा सामना तुमच्या घरच्या मैदानावर २-० असा जिंकला. आता सांगा, बरोबरी साधायला तुम्हाला आणखी किती गोल हवे होते?

एक. फक्त एक!

हे गणित तुम्ही अर्ध्या मिनिटात सोडवलंत. युरोपच्या मध्यभागी तृनावा नावाचं एक गाव आहे, तिथले लोक मात्र १९६९ सालापासून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवत बसलेत. तिथला एखादा आजोबा त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागला, की नातवंडांना शेवट पाठ असतो. तरी ती ऐकतात. आज ती गोष्ट आपण ऐकू या.

काट्यांचं गाव

तृनावा हे गाव स्लोव्हाकिया देशात आहे. नकाशा काढा. ऑस्ट्रियाच्या पूर्वेला, पोलंडच्या खाली आणि हंगेरीच्या वर एक आडवा, डोंगराळ देश दिसेल, तोच स्लोव्हाकिया. राजधानी ब्रातिस्लाव्हा. तिथून ईशान्येला साधारण पन्नास किलोमीटर गेलं की तृनावा येतं.

गावाचं नाव उच्चारून बघा. तृ-ना-वा. इंग्रजीत लिहिताना 'टी' आणि 'आर' यांच्या पुढे थेट 'एन' येतो, मध्ये स्वरच नाही! इंग्रज माणसाची जीभ तिथे अडखळते. आपली अडखळायचं कारण नाही, कारण आपल्याकडे 'ऋ' आहे. स्लोव्हाक भाषेत 'र' हे अक्षर असंच स्वराचं काम करतं. आणि गंमत पुढेच आहे. हे नाव ज्या शब्दावरून आलं, त्याचा अर्थ काटा, काटेरी झुडूप. आपल्या संस्कृतमधला 'तृण' हा शब्द आणि त्यांचा काट्याचा शब्द हे भाषेच्या घराण्यात चुलत भाऊ लागतात. आपल्याकडे त्याचं गवत झालं, त्यांच्याकडे काटा. हजारो मैलांवरच्या गावाशी आपलं असं दूरचं नातं निघतं, बरं का!

गाव जुनं आहे. १२३८ साली हंगेरीचा राजा चौथा बेला याने त्याला 'मुक्त राजनगरा'चा दर्जा दिला. आजच्या स्लोव्हाकियातल्या गावांमध्ये असा मान मिळवणारं हे पहिलं. त्यानंतर गावाभोवती विटांची तटबंदी उभी राहिली. पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा हंगेरीच्या सर्वांत मोठ्या धर्मगुरूंनी, म्हणजे आर्चबिशपांनी, आपलं बिऱ्हाड एस्टरगोमहून इथे हलवलं. मग काय, चर्चवर चर्च बांधली गेली. इतकी, की लोक गावाला 'छोटं रोम' म्हणू लागले. १६३५ साली इथे विद्यापीठही निघालं. सुमारे दीडशे वर्षांनी ते बुडाला हलवलं आणि तृनावा पुन्हा एक शांत बाजारपेठेचं गाव झालं.

त्या तटबंदीचा मोठा भाग अजून उभा आहे. आणि तिला अगदी खेटून फुटबॉलचं मैदान आहे. एका बाजूला शेकडो वर्षांची लालसर भिंत, शेजारी हिरवंगार गवत. आपली गोष्ट घडते ती इथे.

पातेल्यांच्या कारखान्याचा संघ

क्लबचा जन्म ३० मे १९२३चा. गावात दोन छोटे क्लब होते, ते एकत्र आले. तेव्हा स्लोव्हाकिया स्वतंत्र देश नव्हता. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१८ साली, चेक आणि स्लोव्हाक लोकांनी मिळून झेकोस्लोव्हाकिया नावाचा देश उभा केला होता. त्याची राजधानी प्राग. पैसा प्रागमध्ये, मोठे क्लब प्रागमध्ये आणि करंडकही बहुतेक प्रागमध्येच.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, देशात कम्युनिस्टांची राजवट आली. कारखाने सरकारी झाले आणि खेळाचे क्लब कारखान्यांना जोडले गेले. आपल्या क्लबचं नाव झालं 'कोव्होस्माल्ट'. 'कोव्हो' म्हणजे धातू आणि 'स्माल्ट' म्हणजे एनॅमल, म्हणजे आजीच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ताटल्यांवर असतो ना, तो चकचकीत मुलामा. विचार करा, तुमच्या आवडत्या संघाचं नाव 'धातू-मुलामा' असं असतं तर तुम्ही घोषणा कशा दिल्या असत्या?

सुदैवाने १९५३ साली नाव पुन्हा बदललं. धातुकाम आणि यंत्रांच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या क्रीडासंघटनेचं नाव होतं 'स्पार्टाक'. प्राचीन रोममध्ये स्पार्टाकस नावाचा एक गुलाम ग्लॅडिएटर होता. त्याने मालकांविरुद्ध बंड पुकारलं आणि रोमच्या फौजांना पाणी पाजलं. त्याच्यावरून हे नाव. 'छोट्या रोम'मधल्या संघाला रोमशी लढणाऱ्या गुलामाचं नाव मिळालं, हा योगायोग मला फार आवडतो. तेव्हापासून आजपर्यंत क्लब 'स्पार्टाक तृनावा' याच नावाने ओळखला जातो.

त्या राजवटीत कागदोपत्री व्यावसायिक खेळाडू नसत. खेळाडू म्हणजे कारखान्याचा किंवा सैन्याचा नोकर. परदेशी क्लबकडून कितीही पैशांचं बोलावणं आलं तरी जाता येत नसे. परवानगी मिळालीच तर ती तिशी उलटल्यावर, पाय थकायला लागल्यावर. ही अडचण खरी, पण तिचा एक परिणाम ध्यानात ठेवा. छोट्या गावातला गुणी मुलगा मोठ्या पैशामागे परदेशी जाऊ शकत नव्हता. तो गावातच राहायचा, दहा-दहा वर्षं.

मालातिन्स्की सर

आता आपल्या गोष्टीतले गुरुजी येतात. आंतोन मालातिन्स्की. जन्म १९२०चा, तृनावातच. तरुणपणी ते स्वतः याच गावच्या संघातून खेळले, देशाकडूनही खेळले. खेळणं थांबल्यावर प्रशिक्षक झाले. १९६०च्या दशकात त्यांनी गावाच्या आसपासची पोरं जमवून एक संघ घडवला.

'आसपासची' हा शब्द मी उगाच वापरला नाही. बघा ना. गोल करणारा योझेफ आदामेत्स व्हर्बोव्हे गावचा. मैदानाच्या मधोमध उभा राहून सगळ्या संघाला खेळवणारा लादिस्लाव कुना ह्लोहोवेत्सचा. ही दोन्ही गावं तृनावाच्या पंचक्रोशीतली, सायकलवरून दुपारपर्यंत गाठता येतील अशी. कारोल दोबियाश जरा लांबचा, हांदलोव्हा या कोळशाच्या खाणींच्या गावचा. अठरा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा तो तृनावाला आला आणि एक तप तिथेच राहिला. बचावात उभा राहायचा, पण संधी दिसली की पुढे धावत जाऊन असा फटका मारायचा, की गोलरक्षकाला चेंडू दिसेपर्यंत तो जाळ्यात!

आदामेत्सबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. १९६२च्या विश्वचषकात झेकोस्लोव्हाकियाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि ब्राझीलकडून हरला. त्या संघात विशीतला आदामेत्स होता. सहा वर्षांनी, जून १९६८मध्ये, ब्राझील मैत्रीपूर्ण सामना खेळायला ब्रातिस्लाव्हाला आलं. झेकोस्लोव्हाकियाने तो ३-२ असा जिंकला. तिन्ही गोल कुणाचे? आदामेत्सचे. ब्राझीलविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल! झेकोस्लोव्हाक लीगमध्ये मोसमातले सर्वाधिक गोल करण्याचा मान त्याने चार वेळा मिळवला.

१९६७ साली स्पार्टाकने देशाचा चषक जिंकला आणि मध्य युरोपातल्या संघांसाठी असलेला मित्रोपा चषकही. आणि १९६८ साली थेट लीगचं विजेतेपद! प्रागचे बडे क्लब मागे पडले, शेजारचा श्रीमंत स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाही मागे पडला. झेकोस्लोव्हाक लीग ब्रातिस्लाव्हाबाहेरच्या ज्या एकमेव स्लोव्हाक गावाने जिंकली, ते गाव म्हणजे तृनावा. लोकांनी आपल्या संघाला तिकडच्या बोलीत नाव दिलं 'बिली आंद्येली', म्हणजे पांढरे देवदूत.

विजेतेपद मिळालं की युरोपियन चषक खेळायला मिळायचा. तुम्ही टीव्हीवर 'चॅम्पियन्स लीग' बघता ना, तिचंच हे जुनं रूप. फरक एवढाच, की त्या काळी प्रत्येक देशाचा विजेता संघच त्यात जायचा (आणि आदल्या वर्षी चषक जिंकलेला संघ). दुसरा-तिसरा क्रमांक मिळवून आत शिरायची सोय नव्हती. हरलात की घरी.

तेवढ्यात मालातिन्स्की ऑस्ट्रियातल्या एका क्लबचे प्रशिक्षक म्हणून व्हिएन्नाला गेले. संघाची सूत्रं यान हुत्स्को यांच्याकडे आली. संघ काळजीत पडला असेल. पण त्या उन्हाळ्यात काळजी करण्यासारखं याहून फार मोठं काहीतरी घडणार होतं.

रणगाडे

१९६८च्या सुरुवातीला झेकोस्लोव्हाकियाचा नवा नेता झाला होता अलेक्झांडर दुब्चेक. तो स्लोव्हाक होता. राजवट कम्युनिस्टच राहू दे, पण लोकांना मोकळेपणी बोलू द्या, वर्तमानपत्रांना खरं छापू द्या, असं त्याचं म्हणणं. लोक हरखून गेले. त्या दिवसांना 'प्रागचा वसंत' म्हणतात.

मॉस्कोला हे रुचलं नाही. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी आणि बल्गेरिया यांच्या फौजा सीमा ओलांडून आत शिरल्या. सकाळी लोक उठले तो रस्त्यावर रणगाडे! सैन्याने प्रतिकार केला नाही, तसा हुकूमच होता. पण साध्या माणसांनी एक युक्ती केली. त्यांनी रस्त्यांवरच्या पाट्या काढून टाकल्या, उलट्या फिरवल्या, नावं पुसली. परक्या फौजा हातात नकाशे घेऊन भरकटत राहिल्या. रणगाड्यांसमोर पाटीची ताकद किती? चार दिवसांची. पण ते चार दिवस लोक विसरले नाहीत.

या सगळ्याचा फुटबॉलशी काय संबंध, असं विचाराल. संबंध आहे. पश्चिम युरोपातले काही क्लब म्हणाले, ज्यांच्या फौजा दुसऱ्याच्या घरात घुसल्यात, त्यांच्याशी आम्ही खेळणार नाही. स्कॉटलंडच्या सेल्टिकची गाठ हंगेरीच्या फेरेन्त्सवारोशशी पडली होती. सेल्टिकने तक्रार केली. तेव्हा युरोपियन फुटबॉल संघटनेने चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या आणि पहिल्या फेरीत पूर्वेचे संघ पूर्वेशी, पश्चिमेचे पश्चिमेशी अशी विभागणी केली. यावर सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया आणि पूर्व जर्मनी रुसले आणि त्यांनी आपले क्लब स्पर्धेतून काढून घेतले.

झेकोस्लोव्हाकियाचा संघ मात्र राहिला. पूर्वेकडचं सगळं आकाश झाकोळलेलं आणि त्यात तृनावाची अकरा पोरं खेळायला निघाली.

पहिली गाठ रुमानियाच्या स्तेआउआ बुखारेस्ट या संघाशी. रुमानियाने आक्रमणात भाग घेतला नव्हता, त्यामुळे तोही स्पर्धेत टिकून होता. स्पार्टाक तिथे १-३ असा हरला. घरी आल्यावर तटबंदीशेजारी ४-० असा जिंकला. दुसऱ्या फेरीत फिनलंडचा रायपास लाहती. त्यांची कीवच करावी लागेल. एका सामन्यात ९-१, दुसऱ्यात ७-१. स्कोअर लिहिणाऱ्या माणसाचा हात दुखला असेल. पुढे ग्रीसचा ए.ई.के. अथेन्स. हा मात्र तुल्यबळ निघाला. घरी २-१ असा निसटता विजय, अथेन्समध्ये १-१ अशी घासाघीस. पण जमलं!

आता उपांत्य फेरी. उरलेल्या चार संघांची गावं बघा. मँचेस्टर, मिलान, ॲमस्टरडॅम... आणि तृनावा. पहिली तीन जगाच्या नकाशात ठळक अक्षरांत असतात. चौथं शोधायला भिंग लागतं. आज तृनावाची लोकसंख्या साठ-पासष्ट हजार आहे, तेव्हा तर त्याहून बरीच कमी होती.

२४ एप्रिल १९६९

तृनावाच्या वाट्याला आला ॲमस्टरडॅमचा आयाक्स. आयाक्सचे प्रशिक्षक होते रिनुस मिशेल्स. बचाव करणाऱ्याने बचावच करायचा, पुढच्याने पुढेच राहायचं, हा जुना नियम मोडून सगळ्यांनी सगळीकडे खेळायचं, असं ते शिकवत. आणि त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी होता योहान क्रायफ. वय वर्षं एकवीस. पुढे तो जगातल्या सर्वकाळच्या थोर खेळाडूंत गणला गेला.

ॲमस्टरडॅममध्ये १३ एप्रिलला पहिला सामना झाला. आयाक्स ३-० असा जिंकला. तीन गोलांचं ओझं घेऊन स्पार्टाक घरी परतला.

दुसऱ्या सामन्याला अकरा दिवस होते आणि त्या अकरा दिवसांत देशात आणखी एक घाव बसला. १७ एप्रिलला दुब्चेकला नेतेपदावरून दूर करण्यात आलं. मार्चमध्ये झेकोस्लोव्हाकियाच्या आइस हॉकी संघाने जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाला दोनदा हरवलं होतं, तेव्हा लोक आनंदाने रस्त्यावर आले होते आणि त्या गर्दीचं निमित्त करून मॉस्कोने आणखी दट्ट्या लावला होता. म्हणजे खेळात जिंकलं तरी राज्यकर्त्यांना घाम फुटायचा, असे ते दिवस! आपलं मत मोठ्याने सांगायची चोरी झाली होती. फुटबॉलच्या मैदानात मात्र हजारो माणसांनी एकत्र ओरडलं तर कुणाकुणाला पकडणार?

२४ एप्रिलला मैदान गच्च भरलं. तीन गोल भरून काढायचे होते, तेही आयाक्सविरुद्ध. पूर्वार्धातच लादिस्लाव कुनाने गोल केला. १-०. मध्यंतर झालं. उत्तरार्ध सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं होतात न होतात तोच पुन्हा कुना, पुन्हा गोल. २-०!

आता तुमचं गणित आठवा. चाळीस मिनिटं शिल्लक आणि एक गोल हवा. तिसरा गोल झाला असता तर दोन्ही सामने मिळून ३-३ अशी बरोबरी, मग जादा वेळ आणि घरचं मैदान. तिथून काहीही होऊ शकलं असतं.

चाळीस मिनिटं. शाळेतला एक तास संपायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो आणि तो कधी कधी किती लांब वाटतो! तृनावाच्या लोकांना मात्र ती चाळीस मिनिटं फार लवकर संपल्यासारखी वाटली. तिसरा गोल झाला नाही. शिट्टी वाजली. आयाक्स अंतिम फेरीत गेला, माद्रिदला.

तिथे मिलानने आयाक्सला ४-१ असं धुतलं. पण आयाक्स थांबला नाही. १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षं त्याने युरोपियन चषक जिंकला. म्हणजे तृनावाने ज्याला घामाघूम केलं होतं, तो संघ काही ऐरागैरा नव्हता.

वाईट वाटलं ना? मग हेही ऐका. त्याच मोसमात, महिन्याभराच्या आत, शेजारचा स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा युरोपातली दुसरी मोठी स्पर्धा, चषकविजेत्यांचा चषक, जिंकून आला. २१ मे १९६९ला बाझेलमध्ये त्याने बार्सिलोनाला ३-२ असं हरवलं. होय, तीच बार्सिलोना! रणगाडे रस्त्यावर आल्यापासून वर्षही झालं नव्हतं आणि एवढ्याशा स्लोव्हाकियातले दोन संघ युरोपच्या दिग्गजांना भिडत होते. तृनावा आणि स्लोव्हान एकमेकांचे कट्टर वैरी. त्यामुळे स्लोव्हानच्या विजयाने तृनावातल्या घराघरांत नक्की काय भावना होती, हे विचारण्यात फारसं शहाणपण नाही.

सहा वर्षांत पाच

१९६९ची लीग पुन्हा स्पार्टाकनेच जिंकली. कुना त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. १९७० साली लीग स्लोव्हानकडे गेली, पण सर्वोत्तम खेळाडूचा मान तृनावाच्या दोबियाशला मिळाला आणि १९७१लाही त्यालाच. त्याच १९७१मध्ये लीग परत आली, प्रशिक्षक होते व्हालेर श्वेत्स. मग मालातिन्स्की सर व्हिएन्नाहून गावी परतले आणि १९७२ व १९७३ ही दोन वर्षंही जिंकली. सहा मोसमांत पाच विजेतेपदं!

युरोपात पुन्हा उपांत्य फेरी मात्र हाती लागली नाही. १९७३च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या डर्बी काउंटीला घरी १-० असं हरवलं, पण तिकडे ०-२. पुन्हा तेच, एका गोलाचं अंतर. पुढच्या वर्षी तर गंमतच. हंगेरीच्या उय्पेश्टशी दोन्ही सामने १-१ असे सुटले आणि पेनल्टी किक्सवर स्पार्टाक बाहेर. खेळात न हरताही हरता येतं, ते असं.

या सोनेरी दिवसांचा शेवटचा झगमगता क्षण मात्र क्लबच्या नव्हे, देशाच्या जर्सीतला. १९७६ साली बेलग्रेडला युरोपियन राष्ट्रांच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर पश्चिम जर्मनी, म्हणजे तेव्हाचे जगज्जेते. झेकोस्लोव्हाकियाचा दुसरा गोल कारोल दोबियाशचा होता. सामना २-२ असा सुटला आणि पेनल्टीवर झेकोस्लोव्हाकिया जिंकला. पुढे दोबियाश प्रागच्या बोहेमियन्सकडे गेला आणि बत्तिशीत पोचल्यावर बेल्जियमच्या लोकेरेनकडे. बघा, मघाशी सांगितलेली 'तिशी उलटल्यावर'ची गोष्ट!

पंचेचाळीस वर्षं

त्यानंतर काय? त्यानंतर बराच काळ सांगण्यासारखं थोडंच. १९७५ आणि १९८६ साली देशाचा चषक जिंकला, पण लीग नाही. आदामेत्स, कुना, दोबियाश हे काही वर्षाला दोन-चार जन्मत नाहीत.

१९८९ साली कम्युनिस्ट राजवट गेली. १ जानेवारी १९९३ला झेकोस्लोव्हाकियाचे शांतपणे दोन देश झाले, चेक आणि स्लोव्हाक. एक गोळीही झाडली गेली नाही. स्लोव्हाकियाची स्वतंत्र लीग सुरू झाली. आता प्रागचे क्लब स्पर्धेतच नव्हते. म्हणजे तृनावाला रान मोकळं? छे! १९९७ला दुसरा क्रमांक, १९९८ला दुसरा क्रमांक. दोन्ही वेळा कोशित्सेचा संघ पुढे. आणि सीमा उघडल्यामुळे नवीच अडचण उभी राहिली. चांगला खेळाडू तयार झाला, की पश्चिमेकडचा एखादा श्रीमंत क्लब त्याला उचलून न्यायचा. खेळाडूला चार पैसे मिळायचे, जग बघायला मिळायचं. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही गेलो असतो. पण छोट्या गावाला दहा वर्षं एकत्र खेळणारा संघ पुन्हा बांधणं अवघड होऊन बसलं. आई-बाबांना विचारून बघा, दोन्हींतलं काय बरं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

मालातिन्स्की सर १९९२ साली गेले. मैदानाला आता त्यांचं नाव आहे. २०१५ साली त्या जागी नवं स्टेडियम उभं राहिलं. त्याला लागूनच दुकानांचा मोठा मॉल आहे, म्हणजे एका दारातून भाजी-किराणा आणि दुसऱ्या दारातून फुटबॉल. सुमारे अठरा-एकोणीस हजार माणसं बसतात. हिशेब करा, गावातल्या दर तीन-साडेतीन माणसांमागे एक खुर्ची! स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचे सामनेही तिथे झालेत. आणि हो, तटबंदी तिथेच आहे. तिला कुणी हात लावलेला नाही.

२०१७ साली एक पाहुणा प्रशिक्षक आला होता, नेस्टर एल मेस्त्रो. मोठी नावं संघात नव्हती. पण संघ जिंकत गेला आणि २०१८च्या मे महिन्यात लीग जिंकला. १९७३नंतर पहिल्यांदा! पंचेचाळीस वर्षं. शेवटचं विजेतेपद ज्यांनी शाळकरी वयात पाहिलं होतं, ते आता आपल्या नातवंडांना खांद्यावर घेऊन चौकात उभे होते.

लादिस्लाव कुना हे पाहायला नव्हता. तो २०१२ साली गेला. आदामेत्स होता, शहात्तर वर्षांचा. मधल्या काळात तो प्रशिक्षक झाला होता, स्वतंत्र स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघालाही त्याने दोन वर्षं शिकवलं होतं.

त्या शरद ऋतूत तृनावा पुन्हा युरोपात खेळलं. पोलंडच्या लेगिया वॉर्साला हरवून चॅम्पियन्स लीगच्या दाराशी पोचलं, पण बेलग्रेडच्या रेड स्टारने दार लावून घेतलं. मग युरोपा लीग. गटात बेल्जियमचा आंडरलेख्त, तुर्कस्तानचा फेनेरबाहचे आणि क्रोएशियाचा दिनामो झाग्रेब. सप्टेंबरमध्ये आंडरलेख्तला घरी १-० हरवलं. १३ डिसेंबरला फेनेरबाहचेलाही घरी १-० हरवलं.

त्यानंतर अकरा दिवसांनी, नाताळच्या आदल्या दिवशी, योझेफ आदामेत्स वारला. स्पार्टाक गटात तिसरा आला होता, पुढची फेरी हुकली होती.